मैलाला नऊ मीटर कमी

मराठीत मैल उरला तो दगडापुरता. रस्त्यांवरचे आकडे किलोमीटरचे होऊन दोन पिढ्या झाल्या आणि कोस तर पार गोष्टीतल्या राजपुत्रासोबत निघून गेला. तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी पहाटे साडेपाचला मैल जिवंत असतो. फक्त तिथे त्याला कुणी मैल म्हणत नाही, ‘सोळाशे’ म्हणतात. “सोळाशे किती बसलं?” “पाच-अठ्ठावीस.” बोलणं एवढ्यावर संपतं. ऐकणाऱ्याला तेवढ्यात समोरच्याचं सगळं वर्ष कळलेलं असतं.

खरा मैल १६०९.३४४ मीटरचा. चारशे मीटरच्या ट्रॅकचे चार राऊंड मारले की १६०० होतात आणि वर नऊ मीटर नि चौतीस सेंटिमीटर उरतात. इंग्लंडच्या संसदेने १५९३ मध्ये आठ फर्लांगांचा मैल ठरवला तेव्हा चारशे मीटरचा ट्रॅक कुणाच्या डोक्यात नव्हता, म्हणून हा लोंबता तुकडा राहिला. पोलीस आणि लष्कर भरतीने तो कापून टाकला. जोरात धावणाऱ्या पोराला त्या तुकड्यापायी पावणेदोन-दोन सेकंद जास्त लागले असते, एवढाच काय तो फरक.

कसलेला नसलेला, साधा माणूस एक मैल किती वेगाने धावू शकतो, हा प्रश्न जगभर विचारला जातो. उत्तरादाखल बहुधा वयाचा एखादा तक्ता मिळतो. विशीत इतकी मिनिटं, चाळिशीत इतकी, साठीत इतकी. मला त्या तक्त्यांत गोडी नाही. तक्त्यातल्या माणसाला सकाळी वेळ असतो का? त्याच्या गावात धावायला सपाट जागा आहे का? रात्री तो किती वाजता झोपतो? आणि धावून त्याला मिळणार काय? या चार गोष्टी मला सांगा, मी त्याचा मैल मिनिटभराच्या फरकाने सांगतो. त्याचे पाय बघायची गरज पडणार नाही. विधान धाडसी आहे आणि पुढे मलाच ते थोडं आवरतं घ्यावं लागणार आहे, पण आधी मांडू तर द्या.

सुरुवात स्वतःपासून करणं बरं. गेल्या दिवाळीनंतर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात पहाटे जाऊ लागलो. ‘संकुल’ हा शब्द जरा मोठा आहे. मुरूम टाकलेला एक अंडाकृती रस्ता, मध्ये गवत, एका कोपऱ्यात गोळाफेकीचं वर्तुळ आणि चारपैकी एक दिवा चालू. पहिल्या दिवशी एका पोराने विचारलं, “काका, कुणाला आणायला आलात?” मलाच धावायचंय म्हटल्यावर त्याने हसू दाबलं आणि सरळ स्टॉपवॉच काढलं. पहिला राऊंड मी दोन मिनिटं दहा सेकंदांत मारला, वरातीपुढे नाचणाऱ्याच्या उत्साहात. दुसऱ्याला दोन-पंचावन्न. तिसऱ्यात चालायला लागलो, तीन-वीस. चौथ्याला लाजेखातर पुन्हा धावलो, दोन-पंचावन्न. एकूण अकरा मिनिटं वीस सेकंद. “पहिल्यांदाच्या मानाने चांगलंय,” पोरगा म्हणाला. ही पोरं एकमेकांना शिव्या देतात, पण बाहेरच्याशी फार अदबीने वागतात.

माझी ही अकरा-वीस नेमकी कुठे बसते, हे मी घरी येऊन तपासलं. केनेथ कूपर नावाच्या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने १९६८ मध्ये साध्या माणसाचा दम मोजायची एक सोपी रीत लोकांसमोर ठेवली. बारा मिनिटांत जितकं जमेल तितकं अंतर कापायचं, बस. त्याच्या पुस्तकाचं नाव ‘एरोबिक्स’. आपल्याकडे हा शब्द गाण्यावर हातपाय हलवण्यापुरता उरला, ते जाऊ दे. कूपरच्या मोजपट्टीवर बारा मिनिटांत पावणेदोन मैल म्हणजे उत्तम, आणि एक मैलही पुरा झाला नाही तर सगळ्यांत खालची पायरी, ‘फारच कमजोर’. त्या पायरीवरून मी चाळीसेक सेकंदांनी वाचलो होतो. तशी ती पट्टी तिशीच्या आतल्या पुरुषांना लावायची, पण स्वतःला तेवढी सूट घ्यायला माझा हात आखडला.

कागदावरचा हिशेबही हेच सांगतो. सपाट जमिनीवर धावताना दर मीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण ०.२ मिलिलिटर प्राणवायू लागतो. शिवाय नुसतं स्वस्थ बसायला किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर. बैठं काम करणाऱ्या तरुणाचं शरीर जास्तीत जास्त प्राणवायू वापरू शकतं तो किलोमागे मिनिटाला चाळीस मिलिलिटरच्या आसपास. चाळीसमधून साडेतीन काढा, ०.२ ने भागा, की मिनिटाला १८२ मीटर. म्हणजे मैलाला पावणेनऊ मिनिटं नि वर थोडं. क्षमता पस्तीस असेल तर दहा मिनिटं दहा-बारा सेकंद. साठ असेल तर पाच-बेचाळीस. शेवटच्या राऊंडला शरीर थोडी उधारीही करतं, त्यामुळे दमदार माणसाची खरी वेळ याहून काहीशी कमी भरते. ती उधारी फेडताना तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला असतो, एवढंच.

म्हणजे खरा प्रश्न असा की चाळीसचे साठ होतात का? इथे माझ्या धाडसी विधानाला पहिला चिमटा बसतो. अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ‘हेरिटेज’ नावाचा एक मोठा अभ्यास केला. व्यायामाची सवय नसलेली कुटुंबंच्या कुटुंबं घेतली, आईबाप आणि मुलं, आणि सगळ्यांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला. सरासरी क्षमता जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढली. पण कुणाची त्याहून बरीच जास्त वाढली, कुणाची जवळजवळ हललीच नाही. या फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग घराण्याकडे जात होता. तेव्हा रक्ताचा वाटा आहे, तो मी नाकारत नाही. कितीही गाळलं तरी हिशाम अल गेरूजचा मैल तालमीतून निघत नाही. मोरोक्कोच्या या माणसाने ७ जुलै १९९९ रोजी रोममध्ये ३ मिनिटं ४३.१३ सेकंदांत मैल संपवला. शंभर मीटरला तेरा सेकंद नि शहाऐंशी शतांश, तेही सोळा वेळा, न थांबता. आमच्या मैदानावरच्या बऱ्याच पोरांना तो वेग एकदाच, शंभर मीटरपुरता जमतो, आणि तेवढ्यावर ते खूष असतात.

पण मी त्या वरच्या पट्ट्याबद्दल बोलतच नाही. साडेचारपासून पावणेचारपर्यंतचं अंतर जन्माने ठरतं, मान्य. मला बोलायचंय ते अकरापासून साडेपाचपर्यंतच्या प्रदेशाबद्दल. तिथे सामान्य माणसं राहतात, आणि तिथली जमीन निसर्गाने फार थोडी आखलेली आहे. ‘हेरिटेज’चाच सरासरी आकडा घ्या. चाळीसचे साडेसत्तेचाळीस झाले, तर पावणेनऊचा मैल सव्वासातवर येतो. वीस आठवड्यांत दीड मिनिट. वीस आठवडे म्हणजे आषाढी ते कार्तिकी आणि वर दोन-चार आठवडे. पुढची दोन मिनिटं मिळवायला दोन वर्षं लागतात, आणि ती दोन वर्षं कुणाकडे असतात हा शरीरशास्त्राचा विषय उरत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत पुरुष उमेदवाराला सोळाशे मीटरसाठी वीस गुण असतात. पाच मिनिटं दहा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आली तर वीसच्या वीस, पोरांच्या भाषेत ‘आउट ऑफ’. त्यापुढच्या वीस सेकंदांच्या टप्प्यात पाऊल पडलं की दोन गुण जातात. शंभर मीटर आणि गोळा यांचे प्रत्येकी पंधरा धरून ‘ग्राउंड’ पन्नास गुणांचं, मग लेखी शंभरांची. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एकाच पोराचे दोन-तीन अर्ज असतात, सगळेच मैदानात उतरत नाहीत, मुलींना आठशे मीटर असतं, राज्य राखीव दलाला पाच किलोमीटर. हे सगळं वजा करा. उरतो तो आकडाही असा आहे की साध्या माणसांचा मैल मोजायचा इतका मोठा प्रयोग क्वचितच कुठे होत असेल. प्रत्येकाच्या अंगावर चेस्ट नंबर असतो, चिपने वेळ टिपली जाते. मग त्या वेळेचे गुण होतात, गुणांची यादी होते, यादीतून कट ऑफ निघतो. सेकंद मागे पडतात.

पाच-दहा म्हणजे काय ते मैदानाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. एक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, असे चार. ताशी साडेअठरा किलोमीटर, म्हणजे बाजारात जाणाऱ्या सायकलवाल्याच्या पुढे. पाश्चात्त्य देशांतल्या हौशी धावपटूने हा वेग गाठला, तर तो आपल्या क्लबात कौतुकाचा धनी होतो. आमच्या मैदानावर हा वेग गाठणारा पोरगा ऊसतोड करणाऱ्याचा, रिक्षावाल्याचा, दोन एकर जिरायतवाल्याचा असतो आणि पाच-तेरा आली म्हणून तो खांबाला टेकून गप्प बसलेला असतो. तीन सेकंदांत दोन गुण गेले. दोन गुणांत यादी कुठल्या कुठे सरकते.

यावर हमखास आक्षेप येतो की ही पोरं साधी नव्हेतच, निवडलेली आहेत. अठरा ते अठ्ठावीस वय, मागास प्रवर्गांना तेहतीस. उंची किमान १६५ सेंटिमीटर. छाती ७९ आणि फुगवून पाच जास्त. आक्षेपात तथ्य आहे. माझ्यासारखा चोपन्न वर्षांचा गडी त्या गाळणीच्या जवळही जात नाही. पण ही गाळणी धावण्याची नाही. उंची आणि वय असलेली पोरं गावात पोत्यांनी आहेत, आणि पहिल्या दिवशी त्यांचं सोळाशे साडेसात-आठ मिनिटांच्या घरात बसतं, हे मी कडेला बसून अनेकदा पाहिलंय. दीड-दोन वर्षांनी त्यातली बरीचशी साडेपाचच्या आसपास असतात. मधल्या काळात त्यांचे आईबाप बदललेले नसतात.

मग बदलतं काय? आधी पहाट मिळते. घरचं काम कुणीतरी दुसऱ्याने उचललेलं असतं, बहुधा बहिणीने. मग खुराक येतो, भिजवलेले हरभरे, केळी, अंडी. ज्याच्या बापाने व्याजाने पैसे काढले तो अकॅडमीच्या मेसमध्ये जेवतो. मग येतो कुणीतरी ‘सर’, बहुधा लष्करातून निवृत्त झालेला, ज्याला एवढं कळतं की रोज सोळाशे पळून सोळाशे सुधारत नाही. चारशेचे तुकडे मारायचे, मध्ये थोडा दम खायचा, आठवड्यातून एकदा डोंगराकडे लांब पळत जायचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे धावण्याला कारण असतं. दम छातीत मावेनासा झाल्यावरही तिसरा राऊंड जोरात मारायला माणसाला फार ठोस कारण लागतं. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून मी चाललो.

आमच्या मैदानावर एक जुना विनोद आहे. काही जण पोट भरायला पळतात, काही पोट उतरवायला. दुसऱ्या गटातले सात वाजता येतात, दहा-पंधरा हजारांचे बूट घालून, मनगटावर घड्याळ. त्यांची मी चेष्टा करणार नाही, कारण मीही त्यांच्यातलाच. पण एक गोष्ट लक्षात येते. हा वर्ग लांब पळतो. अर्ध मॅरेथॉन, मग पूर्ण, साताऱ्याचा घाट, मुंबईचा सागरी सेतू. लांब पल्ला म्हणजे रविवारची तीन तासांची सकाळ, आणि ती ज्याच्याकडे असते तोच त्या पल्ल्याचा मानकरी. शिवाय तिथे पुरं करणं हेच यश, वेळ विचारणं जरा असभ्य. मैल मात्र वेळच विचारतो, दुसरं काही विचारत नाही. मैल हे गरजवंताचं अंतर आहे, असं मला हल्ली वाटू लागलंय.

अकॅडम्यांमध्ये अधूनमधून व्याख्याते येतात. ते हमखास रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सांगतात. चार मिनिटांच्या आत मैल अशक्य, असं सगळं जग मानत होतं. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला एका पोराने ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत तो धावून दाखवला, आणि भिंत पडताच वर्षभरात डझनावारी लोक चार मिनिटांच्या आत आले. तात्पर्य, अडथळा मनात असतो. टाळ्या.

गोष्टीतली ती धाव खरी आहे, पुढचा भाग नाही. बॅनिस्टरनंतर सेहेचाळीस दिवसांनी ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी फिनलंडमध्ये चार मिनिटांच्या आत आला. त्यानंतरचे तिघे आले ते २८ मे १९५५ ला लंडनमध्ये, एकाच शर्यतीत, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर. डझनभर वगैरे कुणी आलं नाही. आणि ती भिंत इतकी वर्षं उभी का होती, तेही बघण्यासारखं आहे. १९४२ ते १९४५ या काळात गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोन स्वीडिश धावपटूंनी मैलाचा विक्रम एकमेकांकडून हिसकावत ४ मिनिटं १.४ सेकंदांवर आणला. स्वीडन युद्धात नव्हता. तिथे मैदानं चालू होती, खायला होतं, शर्यती होत्या. बाकीच्या युरोपातली त्या वयाची पोरं तेव्हा खंदकांत होती. मग युद्ध संपलं, आणि पैसे घेतल्याच्या कारणावरून या दोघांवरही बंदी आली. विक्रम नऊ वर्षं थांबला. मनाच्या भिंतीचा यात कितीसा संबंध? तरुणांना वेळ, अन्न आणि ट्रॅक मिळेपर्यंत घड्याळ थांबलं होतं, एवढा तो सरळ मामला.

बॅनिस्टर स्वतः वैद्यकीचा विद्यार्थी होता. जेवणाच्या सुट्टीत जवळच्या ट्रॅकवर जाऊन तो सराव करून यायचा. “बघा, फक्त तासभर!” असं व्याख्याते म्हणतात. तो तास त्याला रोज मिळत होता, हे ते सांगत नाहीत. त्याच्यापुढे वेग धरून पळायला ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन उत्तम धावपटू मित्र होते, सल्ल्याला स्टाम्फ्ल हा प्रशिक्षक होता, आणि संध्याकाळी पोटापाण्याची चिंता नव्हती. त्याच्या पराक्रमाला यामुळे उणेपणा येत नाही. पण व्याजाने काढलेल्या पैशांवर मेसमध्ये जेवणाऱ्या पोराला ‘अडथळा तुझ्या मनात आहे’ म्हणून सांगणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. त्याचे अडथळे मोजता येण्यासारखे आहेत, आणि त्यातले बरेचसे रुपयांत मोजता येतात.

बॅनिस्टरच्या त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, ती व्याख्यानात येत नाही. २९ मे १९५४ रोजी बर्मिंगहॅमला डायन लेदर ही तरुणी मैल ४ मिनिटं ५९.६ सेकंदांत धावली. पाच मिनिटांच्या आतली पहिली बाई. बॅनिस्टरनंतर फक्त तेवीस दिवसांनी. तिची विक्रम म्हणून अधिकृत नोंद झाली नाही, कारण बायकांच्या मैलाचा विक्रम नोंदवायचाच नाही असं धोरण होतं. ते १९६७ पर्यंत टिकलं. त्याच्याही मागे जायचं तर १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिककडे जावं लागतं. तिथे बायकांची आठशे मीटर शर्यत झाली, लिना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणी शेवटपर्यंत धावल्या. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कोसळल्याची वर्णनं छापली. त्यानंतर ती शर्यत ऑलिंपिकमधून जी गेली ती १९६० ला परतली. बत्तीस वर्षं साध्या बाईला आठशे मीटर झेपत नाही हे जगाचं अधिकृत मत होतं, आणि ते मत तिने धावून दाखवल्यानंतर बनवलेलं होतं. आज केनियाच्या फेथ किप्येगॉनचा अधिकृत विक्रमी मैल ४ मिनिटं ७.६४ सेकंदांचा आहे.

आपल्या भरतीत मुलींना आजही सोळाशेऐवजी आठशेच आहे. त्याचं शास्त्रीय कारण मला कुठेही दिसत नाही. पण आमच्या मैदानावर मुलींचा खरा तोटा अंतराचा नाहीच, उजेडाचा आहे. चारपैकी एक दिवा चालू असलेल्या जागी साडेपाचला मुलगी येत नाही. आली तर भावासोबत, आणि भावाला झोप अनावर झाली त्या दिवशी तिचा सराव बुडाला. बहुतेकींना फटफटल्यावर, साडेसहाला यावं लागतं. सव्वासातला घरी चूल असते. उन्हाळ्यात तर त्या पाऊण तासातच ऊन चटकायला लागतं. तक्ता लिहिणारा उद्या या मुलींची सरासरी काढेल आणि ती ‘स्त्रियांची वेळ’ म्हणून छापेल. त्यात तीन बंद दिवे किती सेकंदांचे, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर २०१४ चा जून आठवतो. तेव्हा पुरुषांना सोळाशे नव्हतं, पाच किलोमीटर होतं. मुंबईतल्या भरतीत धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. गावाहून रात्रभर प्रवास करून आलेली, फुटपाथवर झोपलेली, सकाळी चहा-बिस्किटावर उभी राहिलेली पोरं जूनच्या दमट उकाड्यात पळवली गेली. त्यावर आरडाओरडा झाला, पुढे अंतरं बदलली. तो प्रवास, ती झोप आणि ते बिस्कीट यांचा हिशेब मात्र अंतर बदलून होत नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे गाव आता सगळ्यांना ठाऊक आहे, कारण अविनाश साबळे तिथला. शेतकऱ्याचा पोरगा, शाळा सहा किलोमीटरवर, कधी चालत कधी पळत. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला होता. धावपटू व्हायचं म्हणून तो गेला नव्हता, नोकरी हवी होती. सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीत तो उतरला तेव्हा वय वीस-एकवीस होतं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने हुकलं, आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. ही गोष्टही व्याख्यात्यांच्या पोतडीत आहेच, जिद्दीची म्हणून. मला तिच्यात दुसरंच दिसतं. वयाच्या विशीपर्यंत साबळे ‘साधा माणूस’ होता. त्याचे पाय तेच होते, फुप्फुसं तीच होती, आणि कुणी त्याचा मैल विचारला नव्हता. लष्कराने त्याला वेळ दिला, जेवण दिलं, मैदान दिलं. आष्टीतून भरतीला गेलेल्या आणि दोन गुणांनी घरी परतलेल्या पोरांत असा आणखी कुणी होता का, हे विचारायला आपल्याकडे जागाच नाही. भरतीच्या यंत्रणेला पोलीस हवा असतो, धावपटू नको असतो. तिचंही चूक नाही.

पण मग तिला पोलीस तरी हवा असतो का, हाही प्रश्न आहे. माझ्या ओळखीत एक हवालदार आहेत. बाविसाव्या वर्षी त्यांचं सोळाशे पाच-दहाला बसायचं. आता वय एक्केचाळीस, वजन ब्याण्णव. बारा तासांची ड्युटी, सणाला बंदोबस्त, निवडणुकीला बंदोबस्त, सभेला बंदोबस्त, जेवण हाताला लागेल तेव्हा आणि हाताला लागेल ते. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली होती. आठ तास काम ही पोलिसाच्या बाबतीत बातमी असते, यातच आलं सगळं. मी त्यांना एकदा मैदानावर बोलावलं. ते हसले. “आता सोळाशे? जीपनं सांगा.” वयाने दम दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरतो, सराव चालू ठेवणाऱ्याचा बराच कमी. म्हणजे या माणसाची आज सहा-सव्वासहा मिनिटं तरी यायला हवी होती. राज्याने आधी दोन वर्षं त्याच्या दमाची वाट बघितली, त्यावर त्याला नोकरी दिली, आणि मग त्याच नोकरीने तो दम खाऊन टाकला. एकाच साध्या माणसाचे हे दोन मैल आहेत. तक्त्यात यातला कोणता धरायचा?

मी अजून जातो. चार महिन्यांत अकरा-वीसचे नऊ-अडतीस झाले. माझ्या वाट्याला सकाळ आहे, चहा आयता मिळतो, आणि मोजायला मैदानावर पोरं आहेत.

मोजणाऱ्यांत एक जण आहे. वय निघून गेलंय त्याचं, शेवटच्या भरतीत अर्ध्या गुणाने राहिला. आता एमआयडीसीत रात्रपाळी करतो आणि सुटला की घरी न जाता सरळ मैदानावर येतो, धाकट्या पोरांचं टायमिंग घेतो. सोळाशे त्याचं एके काळी पाच-शून्य-चार होतं, असं बाकीची पोरं सांगतात. तो स्वतः सांगत नाही. गेल्या मंगळवारी पोरं पांगल्यावर त्याने स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं, कारखान्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रेषेवर उभा राहिला. मी बटण दाबलं. पहिले दोन राऊंड पावलांचा आवाजसुद्धा नव्हता. तिसऱ्याला खांदे वर आले. चौथ्याला त्याने दात आवळले, आणि रेषेच्या पुढे दहा-बारा पावलं जाऊन थांबला. नेमके मैलाचे उरलेले नऊ मीटर असावेत, असं माझ्या मनात आलं.

“पाच-एकतीस,” मी म्हणालो.

त्याने वाकून दम खाल्ला, घड्याळ माझ्या हातातून घेतलं, आकडा स्वतः बघितला.

“रात्रपाळीचे वीस वजा करा, काका,” तो म्हणाला, आणि सायकलकडे गेला.